दार बंद झाल्यावरचं भुंकणं

सकाळी पावणेनऊला बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त वाजतं ते लिफ्टचं दार. डबे, बॅगा, शाळेच्या बसची घाई. साडेनऊपर्यंत सगळं निवतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दारामागून पहिला आवाज येतो. आधी बारीक कुंईकुंई, मग एकेक सुटं भुंकणं, मग न थांबणारी लड. रात्रपाळी करून नुकतीच आडवी झालेली वरच्या मजल्यावरची नर्स कूस बदलते. शेजारच्या फ्लॅटमधली दहावीची मुलगी वही उचलून आतल्या खोलीत जाते. खाली वॉचमन इंटरकॉमवर तीच तक्रार तिसऱ्यांदा ऐकून घेतो. ज्यांचा कुत्रा, ते नवराबायको त्या वेळी लोकलमध्ये उभे असतात, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात. संध्याकाळी ते परततात तेव्हा कुत्रा शेपूट हलवत दारातच उभा असतो. ‘आमचा तर अजिबात भुंकत नाही हो,’ असं ते शेजाऱ्यांना सांगतात. ते खोटं बोलत नसतात.

मुंबई-ठाण्यात, पुण्यात, नाशिकमध्ये असंख्य सोसायट्यांत थोड्याफार फरकानं हेच घडतं. भांडण वाढतं त्याचं एक मोठं कारण या पहिल्याच प्रसंगात आहे. अख्ख्या इमारतीत ते भुंकणं कधीच न ऐकलेलं एकच कुटुंब असतं, आणि ते म्हणजे कुत्रा पाळणारं. शेजाऱ्याला वाटतं, हे लोक मुद्दाम कानाडोळा करतात. पाळणाऱ्याला वाटतं, यांना मुळात कुत्राच नकोय, भुंकणं हे निमित्त. दोघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. पुढे कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता चार ओळी टाकतं, त्याला कोणीतरी अंगठा दाखवतं, आणि रात्री अकरापर्यंत प्रकरण ‘तुमच्या मुलांचं नाचणं आम्ही सहन करतोच ना’ इथवर पोचलेलं असतं.

कुत्रा भुंकतो म्हणजे नक्की काय करतो, हे समजलं तर या भांडणातली बरीच हवा कमी होते. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो केकाटतो, गुरगुरतो, हूऽऽ करून लांबवर हाक देतो, पण मोठा झाल्यावर भुंकतो फार क्वचित. सतत आणि तऱ्हेतऱ्हेनं भुंकणं ही माणसाच्या सोबतीत राहून वाढलेली सवय आहे. हंगेरीत, बुडापेस्टच्या एत्वोश लोरांड विद्यापीठात पेटर पोंग्राट्स, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूडी या जातीच्या मेंढपाळ कुत्र्यांचं भुंकणं सहा वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. अनोळखी माणूस दाराशी आलाय, फिरायला निघायचंय, चेंडू हवाय, खेळ चाललाय, हल्ल्याचं प्रशिक्षण चाललंय आणि कुत्रा एकटा बांधलेला आहे, असे ते प्रसंग. मग ते आवाज माणसांना ऐकवले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांनी आवाजावरून प्रसंग ओळखला, आणि तो नुसत्या अंदाजपंचे उत्तरांपेक्षा बराच जास्त वेळा बरोबर ओळखला. ज्यांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही ते जमलं.

म्हणजे वरच्या मजल्यावरची आजी जेव्हा म्हणते, ‘तो भुंकत नाही गं, रडतोय,’ तेव्हा तिच्या म्हणण्याला आधार आहे. आपल्याकडे रात्री कुत्रं रडलं की अभद्र मानतात. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल तर त्या आवाजानं जीव नुसता टांगणीला लागतो. ही समजूत मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तो आवाज अस्वस्थ करतो, हे बुडापेस्टच्याच संशोधकांच्या पुढच्या कामातही दिसलं. माणसाला सगळं भुंकणं सारखंच त्रासदायक वाटत नाही. उंच पट्टीतलं आणि चिरकं भुंकणं सर्वांत जास्त टोचतं. एकट्या पडलेल्या कुत्र्याचा आवाज उंच पट्टीतलाच असतो. लक्ष वेधून घेणं हेच त्या आवाजाचं काम. ज्याचं लक्ष वेधायचं तो मात्र वीस किलोमीटरवर असतो, आणि ऐकतात भिंतीपलीकडचे.

एकटेपणाच्या या त्रासाला पशुवैद्यक विरहाची चिंता म्हणतात. त्याची लक्षणं ठरलेली आहेत. मालक गेल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच भुंकणं किंवा विव्हळणं सुरू होतं, दाराची चौकट ओरबाडलेली दिसते, लाळ गळते, एरवी बाहेर जाणारा कुत्रा घरातच शू करतो. काहींना मालकानं किल्ली उचलली, बूट घातले एवढ्यानंच कापरं भरतं. 2020 च्या टाळेबंदीत अनेक घरांत पिल्लं आली. ती चोवीस तास माणसांच्या पायांत वाढली. दोन वर्षांनी ऑफिसं पुन्हा उघडली आणि रिकामं घर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना एकटं राहायला कोणी शिकवलंच नव्हतं.

पण प्रत्येक भुंकणं विरहाचं नसतं, आणि ही गल्लत झाली की उपायही चुकतो. काही कुत्रे घरात माणसं असतानाही दारावर भुंकतात. आजकाल दिवसातून आठ-दहा वेळा बेल वाजते: दूध, भाजी, औषधं, कुरिअर. कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब सरळ आहे. अनोळखी माणूस आला, मी भुंकलो, तो गेला. माणूस पार्सल ठेवून जाणारच होता, हे कुत्र्याला कुठून कळणार? रोज दहा वेळा त्याला वाटतं, आपण घर राखलं. सवय पक्की होत जाते. काही कुत्रे बाल्कनीतून खालच्या भटक्या कुत्र्यांशी बोलतात. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये माणसांसारखाच स्मृतिभ्रंश होतो. रात्री दोन वाजता उठून ते भिंतीकडे पाहून भुंकतात, त्यांना दिवस-रात्र कळत नाही. अशा वेळी मालकाला ‘शिस्त लावा’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. त्या कुत्र्याला डॉक्टरची गरज असते आणि त्या घराला शेजाऱ्यांच्या थोड्या धीराची. दिवाळीची गोष्ट वेगळीच. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000 च्या आसपासपर्यंत. फटाक्यांच्या चार रात्री त्यानं भुंकू नये ही अपेक्षाच चुकीची.

यात कुत्र्याच्या जातीचाही भाग आहे. जाहिरात आणि सिनेमा पाहून कुत्रा घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं पांढऱ्या, झुपकेदार स्पिट्झची हौस घरोघरी पोचवली, सगळे त्याला पॉमेरियन म्हणायचे. तो प्रेमळ, पण खुट्ट वाजलं तरी भुंकणारा. हच या मोबाइल कंपनीच्या 2003 च्या जाहिरातीनंतर पग आला. अलीकडे बीगल आणि हस्की दिसतात. बीगल हा शिकारी कुत्रा. सशाचा माग लागला की दूरच्या शिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून लांब गळा काढायचा, यासाठीच त्याच्या पिढ्या जोपासल्या गेल्या. हस्की बर्फावर घसरगाडी ओढणारा. भुंकतो कमी, पण लांडग्यासारखा सूर लावतो. सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात, दहा तास एकट्या ठेवलेल्या हस्कीनं गप्प बसावं असं म्हणणं म्हणजे कोळ्याच्या मुलानं समुद्राकडे पाहू नये म्हणण्यासारखं आहे. पिल्लू विकणारा हे सांगत नाही. घेणाऱ्यानं विचारायला हवं.

आणि इमारती? त्या आवाजासाठी बांधलेल्याच नाहीत. मोठ्या कुत्र्याचं भुंकणं जवळून ऐकलं तर 80-90 डेसिबलपर्यंत सहज जातं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरनं 2012 मध्ये 113.1 डेसिबलचा जागतिक विक्रम केला. घरातला आवाज आधी गुळगुळीत फरशीवर आणि मोकळ्या भिंतींवर आपटून वाढतो. मग दाराखालच्या फटीतून लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत येतो, आणि तिथेही पुन्हा लादीच. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर डक्ट कर्ण्यासारखं काम करतं. दुसऱ्या मजल्यावरचा आवाज सातव्या मजल्यावर शेजारी असल्यासारखा ऐकू येतो. म्हणूनच कधी कधी तक्रार भलत्याच घराविरुद्ध होते. हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे ती वाटही बंद करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेनुसार चांगली झोप हवी असेल तर झोपायच्या खोलीत मधूनच येणारा आवाजही 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. रात्रपाळीच्या नर्सला हे आकडे माहीत नसतील. तिचं डोकं मात्र दुपारपर्यंत ठणकत असतं, आणि ते दुखणं खरं आहे. ‘जनावर आहे, भुंकणारच’ म्हणून तिला उडवून लावणाऱ्यांनी एकदा तिच्या खोलीत तासभर बसून पाहावं.

गोष्ट इथवर आली की कोणीतरी कायदा काढतं. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना वाटतं की कायदा आपल्याच खिशात आहे.

सोसायटी सर्वसाधारण सभेत ठराव करते: यापुढे कुत्रे पाळायला बंदी. हा ठराव टिकण्यासारखा नाही. केंद्र सरकारच्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की, रहिवासी संघटनेला बहुमतानंही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही, कुत्र्याच्या आकारावरून किंवा जातीवरून भेदभाव करता येणार नाही, लिफ्ट नाकारता येणार नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येणार नाहीत. भुंकणं हे बंदीचं वैध कारण होऊ शकत नाही, असंही त्यात आहे. या सूचना म्हणजे संसदेनं केलेला कायदा नव्हे. पण केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये, रहिवासी संघटनांच्या नियमांतली पाळीव प्राण्यांवरची सरसकट बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा अशा ठरावांचा पाया आणखी खचला. भाडेकरूला घर सोडायला लावणं, कुत्र्याच्या घराचा मेंटेनन्स वाढवणं, असले मार्ग तर सरळ दांडगाईचे आहेत. आणि रागाच्या भरात कोणी विषाचा तुकडा टाकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पाळणारे मात्र त्याच सूचनांचा पुढचा भाग वाचत नाहीत. सतत भुंकण्यानं शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून विशेषतः रात्री कुत्रा शांत राहील यासाठी शक्य ते सगळं करावं, असं मंडळानं त्यांनाही सांगितलेलं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही कोणत्याही सभासदानं आपल्या सदनिकेत इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, अशी तरतूद आहे. कुत्रा पाळायचा हक्क आहे. शेजारणीची झोप रोज मोडायचा हक्क त्याच्यासोबत येत नाही.

आवाजाचे नियम इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा. पण ही मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीची आहे आणि तिचा रोख प्रामुख्यानं लाउडस्पीकर, फटाके, हॉर्न, यंत्रं यांच्याकडे आहे. मधूनच येणारं तीव्र भुंकणं सरासरीत विरून जातं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडा दाखवून चौकीत गेलेला माणूस फार तर एन.सी. म्हणजे अदखलपात्र तक्रार नोंदवून परत येतो. न्यूयॉर्क शहरात निदान मोजमाप तरी स्पष्ट आहे. पाळीव प्राण्याचा आवाज सकाळी सात ते रात्री दहा सलग दहा मिनिटं, किंवा रात्री दहा ते सकाळी सात सलग पाच मिनिटं स्पष्ट ऐकू आला तर तो नियमभंग. आपल्याकडे मिनिटांची अशी रेघ नाही. ती असती तर निम्म्या तक्रारी कमिटीच्या टेबलावरच मिटल्या असत्या, कारण नुसतं ‘फार भुंकतो’ आणि ‘कुठे भुंकतो’ यावर वाद घालायला जागाच उरली नसती.

या सगळ्या कलमांच्या गर्दीत एक छोटं कलम कोणाच्याच लक्षात नसतं. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेची यादी आहे. जनावराला मारणं, उपाशी ठेवणं वगैरे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच यादीत असंही आहे की, नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा बंद जागेत ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसा व्यायाम दिला नाही तर ती क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे त्याचा धाक कोणालाच नाही. तरी त्याचा अर्थ मोठा आहे. दिवसभर बाल्कनीत कोंडलेला, सकाळी पाच मिनिटं खाली नेऊन आणलेला कुत्रा भुंकतो तेव्हा शेजारी आणि कुत्रा एकाच गोष्टीची तक्रार करत असतात. सोसायटीच्या सभेत त्यांना समोरासमोर उभं केलं जातं, आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

मुंबईला कुत्र्यांवरून होणारी भांडणं नवी नाहीत. 1832 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारायची मोहीम काढली. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी फोर्टमध्ये रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. भटक्या कुत्र्यांचा वाद आजही न्यायालयांत चालू आहे. सोसायटीच्या आवारात त्यांना कुठे खायला घालायचं याची व्यवस्था 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रहिवासी संघटनांवरच सोपवली आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा आखायला सांगितलं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण दोन्ही वाद एकमेकांत मिसळतात. खालच्या कुत्र्यांवरचा राग तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरवर निघतो.

मग करायचं काय? आधी काय करू नये ते. भुंकणाऱ्या कुत्र्यावर ओरडण्यात अर्थ नाही, त्याला वाटतं आपणही त्याच्यासोबत भुंकतोय. भुंकल्यावर विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला वर झटका दिला तर भीती कमी होत नाही, वाढते. स्वरतंतू कापण्याची शस्त्रक्रिया तर पाळीव प्राण्यांसाठीच्या 1987 च्या युरोपीय करारानं उपचाराचं कारण नसेल तर निषिद्ध ठरवली आहे. आवाज बंद होतो, घालमेल तशीच राहते.

दारावर भुंकणाऱ्या कुत्र्याचा उपाय त्या मानानं सोपा. घरपोच सामान आणणाऱ्यांना ‘बेल वाजवू नका, फोन करा’ असं सांगावं, कुत्र्याची झोपायची जागा मुख्य दारापासून दूर आतल्या खोलीत न्यावी, बाल्कनीच्या खालच्या अर्ध्या भागाला आडोसा करावा. जमिनीवर जाड सतरंजी, दाराच्या फटीला रबरी पट्टी. डक्टकडची खिडकी मालक बाहेर असताना बंद. सकाळचं फिरणं पाच मिनिटांचं नको, निदान अर्ध्या-पाऊण तासाचं हवं, आणि त्यात त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. हुंगण्यानं कुत्रा धावण्याइतकाच थकतो, असं प्रशिक्षक सांगतात. दुपारी कोणी तासभर येऊन फिरवणारं मिळालं तर दहा तासांचे दोन तुकडे होतात.

विरहाच्या चिंतेला एवढं पुरत नाही. तिथे एकटं राहणं अगदी पहिलीपासून शिकवावं लागतं. किल्ली उचलायची आणि कुठेच जायचं नाही, पुन्हा सोफ्यावर बसायचं. बूट घालायचे आणि चहा करायचा. दार उघडून बाहेर पाऊल टाकायचं, लॅचचा आवाज होऊ द्यायचा, कुत्रा रडायच्या आत परत यायचं. दहा सेकंद, वीस सेकंद, एक मिनिट. कुत्रा कुठे अडखळतो ते पाहून वेळ वाढवायचा. अवघड प्रकरणात पशुवैद्यक औषधही देतात. यात घाई चालत नाही, आणि आठवडेच्या आठवडे जातात.

याच टप्प्यावर शेजाऱ्याची गरज लागते, कारण दारापलीकडे काय घडलं हे मालकाला कळत नाही. कॅमेरा लावता येतो, पण सगळ्यांना तो परवडत नाही, आणि कॅमेरा जिन्यात भेटून बोलत नाही. सुरुवात कोणीही केली तरी चालते. शेजारीण संध्याकाळी दारात येऊन म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही गेलात की दहा वाजल्यापासून तो रडतो हो, मी आज फोनवर रेकॉर्ड केलंय, ऐकता का?’ तर त्या दोन मिनिटांच्या ध्वनिफितीनं जे होतं ते ग्रुपवरच्या पन्नास मेसेजनी होत नाही. बहुतेक माणसं आपल्या कुत्र्याचा तो आवाज पहिल्यांदाच ऐकतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्यानंतर एक साधी वही पुरते. तारीख, दार बंद झाल्याची वेळ, भुंकणं सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ. शेजारीण घरी असेल त्या दिवशी ती लिहून पाठवते, मालकीण त्यावरून उद्याची वेळ ठरवते. कमिटीकडे जायची पाळी आलीच तर हीच वही पुरावा म्हणूनही चालते. आणि कुत्रा किती वाजता भुंकायचा थांबला, हे त्या घराला सांगू शकेल असं त्या जिन्यात शेजारणीशिवाय दुसरं कोणी नसतं.